हातात ताकद भरपूर, तरी एफ कॉर्ड लागेना. ग्रिपर घ्यावा का?

बागवाला_दिंडोरी

राम राम मंडळी. दिंडोरी तालुक्यातला आहे, घरची द्राक्षबाग. वय पस्तिशीच्या पुढे. भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि जाताना त्याची गिटार आमच्याकडे टाकून गेला, तेव्हापासून तिच्या नादी लागलोय. शिकवायला कोणी नाही. मोबाईलवर बघून ई मायनर, जी, सी, डी एवढ्या कॉर्ड (बोटांनी तारा दाबून एकत्र वाजवायचे सूर) जमतात. दोन-चार गाण्यांना साथ होईल इतपत हात बसलाय.

घोडं अडलंय एफवर. तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायला गेलो की थप्प-थप्प आवाज येतो, मेल्यासारखा. जोर लावला तर एखाद-दोन तारा बोलतात, पण अंगठ्याच्या बुडाशी गोळा येतो आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो. आता माझे हात काही नाजूक नाहीत. छाटणीला दिवस-दिवस सिकेटर चालवतो, खताच्या गोण्या उचलतो, तळहाताला हे एवढे घट्टे. आणि सहा तारांपुढे हात टेकायची वेळ आली!

दुसरं असं की वाजवायला वेळ मिळतो रात्रीच. सध्या थ्री फेज लाईट रात्रीची आहे. मोटर चालू करायची, बागेतले व्हॉल्व्ह फिरवायचे आणि मग शेडवर क्रेट उलटं घालून त्यावर बसायचं. थंडी तर तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे आणि निफाडला डिसेंबरात काय हाल असतात. व्हॉल्व्हला हात लावून आलो की बोटं इतकी आखडतात की येत असलेली सी कॉर्डसुद्धा लागत नाही.

तर विचारायचं असं: हात गरम करायची काही नीट पद्धत आहे का? बोटांच्या ताकदीसाठी ते ग्रिपर का काय मिळतं ते घेऊ का? आणि अनामिका-करंगळी अजिबात ऐकत नाहीत, त्यांचं काय करायचं? ज्यांचा हात तयार आहे त्यांनी सांगा.

सिडकोचा_भो

काय भो, एवढा विचार कशाला? ग्रिपर घेऊन टाक. ॲडजस्टेबल येतो, स्प्रिंग कमी-जास्त करता येते. जेवण झालं की टीव्ही बघता बघता दाबत बसायचं. नसेल तर टेनिस बॉल आहेच. महिन्याभरात मनगट असं होईल की गिटारच मोडेल. 💪
(मी गिटार वाजवत नाही, पण ग्रिप ती ग्रिपच ना.)

जेलरोडकाका

बागवाले भाऊ, पैसे वाचवा. सिडकोच्या मित्राने कंसात जे लिहिलंय ना, त्यातच सगळं आलं.

आधी ओळख सांगतो. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालोय. ड्युटी सांभाळून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली: गणपती, नवरात्रात कालिकेची यात्रा, आणि लग्नसराईत लॉन्सवरचे कार्यक्रम. आता जेलरोडला घरीच काही पोरं शिकायला येतात. तुमच्यासारखा कमावलेल्या हाताचा माणूस आला की मला जास्त काम पडतं. नाजूक हाताची पोरगी दाबायला घाबरते, तिला हळूहळू वाढव म्हणता येतं. कमावलेला हात पहिल्या दिवसापासून गिटारचा गळा आवळतो. तुमच्या हातात एफपुरती ताकद नाही हे मी मानणार नाही. ती हवी त्याच्या कितीतरी पट आहे, फक्त भलतीकडे खर्च होतेय.

पहिला संशय गिटारवर घ्या. पोराला घेतलेली पहिली गिटार म्हणजे बहुधा स्वस्तातली, आणि बरेच महिने कोपऱ्यात उभी असणार, राग मानू नका. एक स्टीलची पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या तारा), फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजा. जाड ई, म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक ई, म्हणजे सगळ्यात बारीक तारेखाली दोनच्या आसपास असेल तर उत्तम. साडेतीन-चार भरलं तर हाताला दोष देऊ नका. मग नट तपासा, म्हणजे डोक्याकडची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते उजेडात बघायचं. कागद जेमतेम सरकेल इतकीच हवी. तिथून ऐसपैस उजेड दिसला तर पहिल्या फ्रेटवर एफ लावायला पैलवानही घामाघूम होईल, कारण नटाला अगदी चिकटून तार खाली वाकवणं सगळ्यात जड. मी अनेक गिटारी बघितल्या, नवशिक्यांच्या रडगाण्यात निम्मा वाटा या नटाचा असतो आणि यूट्यूबवरचा मास्तर त्याचं नाव काढत नाही. खाचा खोल करून घ्यायच्या त्या जाणकाराकडूनच. घरी कानस लावलीत आणि खाच जास्त उतरली तर मोकळी तार फ्रेटवर झणझणायला लागते, मग नवा नट.

तोवर एक जुगाड आहे. सहाही तारा अर्धा सूर खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. सुराची पट्टी मूळचीच राहते, नट मधून बाद होतो आणि अर्ध्या सुराने तारांचा ताण साधारण ११ टक्के कमी होतो. तारा बदलणार असाल तर १० चा संच टाका, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची. बहुतेक अकूस्टिक गिटारींवर १२ चा संच असतो, त्याचा सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो, १० च्या संचाचा साठच्या आसपास. आवाज जरा पातळ होतो. होऊ दे, शेडवर ऐकायला बसलंय कोण?

आता ते उलटं क्रेट. बुटकं आहे, त्यामुळे गुडघे वर येतात, गिटार पोटावर उताणी पडते आणि तिची मान खाली झुकते. मग डाव्या हाताला दोन कामं: गिटार सावरायची आणि तारा दाबायच्या. मनगटही मुडपतं. क्रेटवर क्रेट ठेवा, मांड्या जमिनीला समांतर येऊ द्या, आणि बसून वाजवत असलात तरी गळ्यात पट्टा घाला. डावा हात पूर्ण काढून बघा. गिटार जागची हलली नाही तर बैठक बरोबर.

थंडीचं म्हणाल तर आमच्या निम्म्या कार्यक्रमांची लग्नं थंडीतच. गंगापूर रोडच्या लॉन्सवर रात्री दहा वाजता दव पडायला लागायचं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी फास्ट गाण्याची फर्माईश करायचं. नवीन पोरं बोटांवर फुंकर मारत बसायची. पण बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली हातात असतात. तो भाग गार, तर बोटं गार. आमचा बेसवाला जुन्या लोकरी मोज्याचा पंजा कापून टाकायचा आणि उरलेली नळी मनगटापासून कोपरापर्यंत चढवायचा, वरून शर्टाची बाही. दिसायचं काही नाही आणि बोटं मोकळी. ते बघून आम्ही सगळ्यांनीच घरचे मोजे कापले. तुम्ही व्हॉल्व्ह फिरवायच्या आधीच ते चढवा. शेडवर आल्यावर हात थेट गिटारला लावू नका. खांदे फिरवा, दोन्ही हात सैल सोडून झटका, पाच मिनिटं बांधावरून झपझप चालून या. अंगात ऊब आली की ती आपसूक बोटांपर्यंत पोचते. थर्मासमध्ये गरम पाणी असेल तर मनगट आणि हात शेका, पण बोटांची टोकं भिजवत बसू नका. कातडं मऊ पडतं आणि तार आत रुतते. शेकोटी पेटवलीत तर हात शेका, गिटार लांब ठेवा. लाकूड सुकून तडकतं, डिंकाचे सांधे सुटतात.

गिटार हातात घेतल्यावर सुरुवात सातव्या फ्रेटपासून करा, पहिल्यापासून नाही. साडेपंचवीस इंची स्केलच्या (म्हणजे मोकळ्या तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर पहिलं घर, म्हणजे नट आणि पहिल्या फ्रेटमधली जागा, ३६ मिलिमीटरचं असतं आणि सातवं २६ च्या आत-बाहेर. गार हाताला पहिल्याच घरात ताणायचं कशाला? तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, एका तारेवर एकेक फ्रेट, मेट्रोनोम (तालाचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, ठोक्याला एकच सूर. वेग वाढवायचा नाही. बोटं तारेपासून फार वर उडू द्यायची नाहीत, एवढंच बघायचं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं ते. पाचव्या फ्रेटवर, फ्रेटच्या तारेला लागून बोट नुसतं टेकवा, दाबू नका. उजव्या हाताने ती तार सारखी छेडत राहा. आधी थप्प वाजेल. दाब अगदी हळू वाढवा. थप्पचं झणझण होईल, आणि मग एका क्षणी सूर स्वच्छ येईल. थांबा तिथेच. एवढाच दाब लागतो. त्यापुढचं सगळं फुकट. मग उलटं या, सूर बिघडेपर्यंत सैल करत. सहाही तारांवर, चारही बोटांनी. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला हे करायला लावतो आणि प्रत्येक जण एकच म्हणतो, “एवढंसंच?” सिकेटर चालवताना काडी तुटल्यावर तुम्ही मूठ आवळून ठेवता का? तुटली की हात सैल पडतो, म्हणून तर दिवसभर छाटणी होते. कॉर्डलाही तेच. वाजवायच्या क्षणी दाब, वाजली की सोड, बोटं तारांवर नुसती टेकलेली.

एफ मध्ये तर्जनीने सहाही तारा दाबायच्या हा गैरसमज आहे. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं पुढच्या फ्रेटांवर दाबतातच. तर्जनीकडे उरल्या सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तारांवर ती पोकळ राहिली तरी काही बिघडत नाही. तिला सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलवा, म्हणजे मऊ पेरांच्या जागी हाडाची कड तारेवर येते. आणि अंगठा मानेवरून काढून वाजवून बघा. हो, अंगठ्याशिवाय. उजव्या हाताच्या कोपराने गिटारचं पोट अंगाशी दाबायचं आणि डाव्या हाताच्या वजनाने तर्जनी मागे ओढायची. जमायला लागलं की अंगठा परत आणा, पण नुसता टेकायला. हे सगळं आधी पाचव्या फ्रेटवर करा, तिथे तोच आकार ए मेजर होतो. मग एकेक फ्रेट खाली उतरा. एफ सगळ्यात शेवटी.

अनामिकेचं लिहायचं राहिलं, पण सौ. जेवायला बोलावतायत. नंतर लिहितो.

सिडकोचा_भो

काका मान गये 🙏 पण मग ते एकेका बोटाला वेगळी स्प्रिंग असलेलं यंत्र मिळतं, खास गिटारवाल्यांसाठी म्हणून, ते घेणारे सगळे येडे का?

फिजिओ_इंदिरानगर

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकांचं बहुतेक पटलं, दोन-तीन गोष्टींची भर घालते.

दादा, तुमचा हात दिवसभर मूठ आवळायचंच काम करतो. सिकेटर, गोणी, व्हॉल्व्ह, सगळीकडे बोटं वाकवणारे स्नायू. ग्रिपर पुन्हा त्यांनाच राबवणार. तुमच्याकडे कच्ची आहे ती उलटी बाजू, बोटं उघडणारी. त्यासाठी एक साधं रबर पुरतं. पाचही बोटांची टोकं एकत्र आणायची, त्याभोवती रबर चढवायचं आणि बोटं सावकाश फाकवायची, सावकाशच मिटायची. दहा-पंधरा वेळा, मधे विश्रांती घेऊन परत एकदा. छाटणीच्या किंवा विरळणीच्या दिवशी हेही नको, त्या दिवशी हाताचा व्यायाम झालेला असतो.

ताण देण्याचे व्यायाम गार हाताने करायचे नाहीत. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं मागे ओढून कडाकडा मोडणारे पुष्कळ बघते. आधी हालचाल, मग वाजवणं, आणि ताण द्यायचाच तर वाजवून झाल्यावर, हलका.

आता महत्त्वाचं. हात भरून येणं आणि दुखणं यातला फरक ओळखा. भरून आलेला हात खाली सोडला की थोड्या वेळात हलका होतो. एकाच जागी टोचणारं, अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटात, सकाळपर्यंत राहणारं असेल तर त्या दिवशी गिटार नको. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबतच मीडियन नर्व्ह ही नस. मनगट मुडपून तासन् तास दाब दिला की तिथली जागा आणखी कमी होते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, किंवा हातातून वस्तू सुटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. इथे विचारत बसू नका. करंगळीच्या बाजूला मुंग्या येत असतील तर ती नस वेगळी, तिचं दुखणं पुष्कळदा कोपरात असतं. तेही दाखवूनच घ्या.

वीस मिनिटं वाजवलं की पाच मिनिटं हात खाली. मोटर चालू आहे तोवर वाजवतो, असं करू नका. तुमची मोटर बहुतेक तासन् तास चालत असणार.

नायलॉनप्रेमी

मी क्लासिकलवाला, त्यामुळे जरा वेगळा सूर लावतो. तर्जनी-मधलं-अनामिका-करंगळी हा स्पायडर लोक वर्षानुवर्षं करतात आणि शेवटी फक्त स्पायडर वाजवण्यात पटाईत होतात. बागवाल्या भावाकडे रात्रीचा तास-दीड तास आहे, त्यातला निम्मा कवायतीत घालवू नये असं माझं मत. हात गरम करायला येत असलेलं गाणंच निम्म्या वेगाने वाजवावं.

उजव्या हाताबद्दल कोणीच बोललं नाही. गार पडतो तोही, आणि ताल तिथूनच बिघडतो. माउरो जुलियानीचे १८१२ सालचे उजव्या हाताचे १२० अभ्यास आहेत. सगळेच्या सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर. डाव्या हाताला जवळजवळ काम नाही. त्यातले पहिले काही रोज केले तरी उजवा हात मोकळा होतो. पिकने वाजवत असाल तर मोकळ्या तारांवर नुसतं खाली-वर, खाली-वर, सारख्या आवाजात. मनगट सैल.

जेलरोडकाका

आलो.

नायलॉनवाले साहेब, स्पायडरबद्दल तुमचं खरं आहे, म्हणून तर मी ६० च्या पुढे जायला सांगितलं नाही. पण गार हाताने गाणं वाजवलं की माणूस गाण्याच्या नादात जोर लावतो. सुरुवातीची चार-पाच मिनिटं नीरस काहीतरी असलेलं बरं. पुढे तुमचंच गाणं. उजव्या हाताचं राहून गेलं होतं, बरं झालं लिहिलंत.

सिडकोच्या भावाला: यंत्र घेणाऱ्यांना मी येडे म्हणणार नाही, पण शूमानची गोष्ट ऐका. जर्मनीतला मोठा रचनाकार. त्याला व्हायचं होतं पियानोवादक. तरुणपणी बोटांना वळण लावायला तोही एक यंत्र वापरायचा. १८३० नंतरच्या एक-दोन वर्षांतच उजव्या हाताचं बोट कामातून गेलं आणि मैफलीत पियानो वाजवायचं राहून गेलं ते कायमचं. यंत्रामुळेच गेलं की आणखी कशामुळे यावर अभ्यासक अजून भांडतात. पण मी माझ्या पोरांना यंत्र लावू देत नाही.

आता अनामिका. बागवाले भाऊ, एक करून बघा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट मुडपून तळव्याखाली घ्या, बाकीची बोटं सरळ. आता एकेक बोट उचला. अंगठा उठेल, तर्जनी उठेल, करंगळीही उठेल. अनामिका जागची हलणार नाही, खिळा ठोकल्यासारखी. कारण हाताच्या पाठीवर बोटं उचलणाऱ्या कंडरा एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात आणि अनामिका दोन्ही शेजाऱ्यांना बांधलेली. मधलं खाली धरलं की ती अडकली. तेव्हा तुमची अनामिका कच्ची नाही, सगळ्यांची अशीच असते, मोठमोठ्यांचीही. तिला उंच उचलायचा हट्ट सोडा. तारेपासून जरा सुटली तरी पुरे.

करंगळीला मात्र कामाला लावता येतं. सातव्या फ्रेटवर अनामिका धरून ठेवा, आठव्यावर करंगळी आपटा आणि उचला, आपटा आणि उचला, उजवा हात फक्त एकदा छेडेल. सूर टिकला पाहिजे. अर्धा मिनिट, हात भरला की लगेच सोडा. करंगळी सरळ काठीसारखी पडत असेल तर मनगट थोडं पुढे काढा, म्हणजे ती वाकून टोकावर येते.

आणि बोटं कमी पडतात म्हणून निराश व्हायचं कारण नाही. जँगो राइनहार्ट या नामवंत जॅझ गिटारवादकाच्या राहत्या गाडीला १९२८ मध्ये आग लागली (त्याच साली आमची नोट प्रेस सुरू झाली, म्हणून साल पाठ आहे). डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. पुढे सगळे सोलो त्याने उरलेल्या दोन बोटांनी वाजवले, आणि भल्याभल्यांना चार बोटांनी ते झेपत नाहीत. ब्लॅक सबाथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याची तर पत्र्याच्या कारखान्यात बोटांची टोकंच गेली. तो डावखुरा, त्यामुळे गेली ती फ्रेटवरच्या उजव्या हाताची. त्याने टोपणं बनवून बोटांवर चढवली, बारीक तारा टाकल्या आणि पुढे तारांचा सूरही खाली उतरवला. ताकद वाढवत बसला नाही, गिटार हलकी करून घेतली. मी वर जे सांगितलं ते याहून वेगळं काही नाही.

बागवाला_दिंडोरी

काका, ताई, सगळ्यांचेच आभार. एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मेव्हणा अंबडला एमआयडीसीत आहे, तो रविवारी येताना फिलर गेज घेऊन आला. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली चार मिलिमीटरला थोडं कमी भरलं. नटाशी तर विचारूच नका, तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावरही पहिल्यावर उजेडच उजेड. मेव्हणा म्हणतो, आमच्याकडे असा जॉब क्वालिटीवाला बघायच्या आत परत पाठवतो. नाशिकला गिटार दाखवायला नेणार आहे, तोवर अर्धा सूर उतरवून कॅपो लावलाय. फरक लगेच कळला. पाचव्या फ्रेटवर तो आकार पाच तारांत बोलतो, दुसरी तार अजून रुसलेली आहे.

दाबाचा तो व्यायाम केला. खरंच “एवढंसंच?” असं तोंडातून निघालं. मी त्याच्या दुप्पट-तिप्पट दाबत होतो. ताई, रात्री मुंग्या वगैरे काही नाही, सकाळी हात मोकळा असतो. रबर मिळालं, भाजीच्या जुडीचं.

अजून एक विचारतो. तारा हाताला खरखरीत लागतात आणि काळपट पडल्यात. नवीन टाकल्या तरी अशाच होणार का? बागेतल्या फवारणीचा काही संबंध आहे का त्याच्याशी?

जेलरोडकाका

आहे ना! बोर्डो मिश्रणात (बुरशीवर फवारतात ते) मोरचूद असतं आणि मोरचूद लोखंडाला खातं. पहिल्या दोन तारा साध्या पोलादी, त्यांना गंज चढणार. बाकीच्यांना बाहेरून ब्राँझची गुंडाळी असते, ती गंधकाने काळी पडते. द्राक्षात तुम्ही दोन्ही फवारता. खरखरीत तारेवर बोट सरकत नाही, मग माणूस पुन्हा जोर लावतो.

फवारणी करून आलात की हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, नखांच्या कडाही. पुसून पूर्ण कोरडे झाल्यावरच गिटारला हात लावा. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा, फडकं तारेखालून ओढून. गिटार शेडवर औषधांच्या डब्यांशेजारी ठेवत असाल तर आजच घरात न्या. आणि नवा संच आत्ता टाकू नका. नटाचं काम होऊ द्या, करणारा कारागीर संचाची जाडी विचारेल, त्याला १० म्हणून सांगा, तो खाचा त्या मापाने घासेल.

दुसरी तार रुसतेय ती बहुतेक तर्जनीच्या सांध्याच्या वळीत सापडत असेल. बोट एखादा मिलिमीटर वर किंवा खाली सरकवून बघा, दाब तोच ठेवून.